बाबा, खिडकीतून काठ्या दिसतात

पत्राचा सारांश : सोलापुरातले एक निवृत्त बँक अधिकारी लिहितात. नोकरीची तीस वर्षं सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. मुलगी एकुलती, वय २८, परिचारिका. दोन वर्षांपासून ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल या गावी रुग्णालयात नोकरी करते. सध्या आणखी तिघींबरोबर एका घरात राहते, वीज-पाणी धरून महिना ४२० पौंड देते. आता तिला बंदरावर, जुन्या जहाजांच्या संग्रहालयासमोर, एक बेडरूमचा फ्लॅट एकटीसाठी भाड्याने घ्यायचा आहे. भाडं ६२५ पौंड, सगळं धरून साडेआठशेच्या घरात जाईल. जामीनदार नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा, असं एजंट सांगतो. त्यासाठी सोलापुरात बाप-लेकीच्या जोडनावावर असलेली एफडी मोडा, असं तिचं म्हणणं. होटगी रोडला तिच्या नावावर बुक केलेल्या फ्लॅटचा हप्ताही तिच्याच पैशातून जातो. 'फरकाचे महिना पन्नास हजार रुपये होतात. तेवढ्यात इथे बंगला भाड्याने मिळेल. एकटी राहते हे स्थळांना कसं सांगायचं? कारण विचारलं तर म्हणते, बाबा, खिडकीतून काठ्या दिसतात. आम्हाला हा वेडेपणा वाटतो. तिला कसं समजवावं?'

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या खेपेला आकडेच दिसले, तुम्हाला दिसले तसेच. दुसऱ्या खेपेला 'काठ्या' या शब्दाशी अडखळले. तो शब्द तुम्ही सरळ वेडेपणाच्या खात्यात टाकून मोकळे झालात. सोलापूरच्या माणसाने असं करावं? आपल्याकडे जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, दिवसांत काठ्या निघतात म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजेच त्या उंच काठ्या, डोलत येतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि एरवी जत्रेला नाक मुरडणारेही गर्दीत टाचा उंचावून उभे राहतात. तुमच्या मुलीने लहानपणी ते तुमच्या खांद्यावर बसून पाहिलं असणार. जहाजाच्या उभ्या खांबाला मराठीत डोलकाठी म्हणतात. तिने डोल गाळला, काठी ठेवली. तिला काय दिसतं ते तिने तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगितलंय.

आता ते जहाज कुठलं ते सांगते, कारण तुम्ही ते विचारलेलं नाही. त्याचं नाव एचएमएस त्रिंकोमाली. हार्टलपूलचं ते संग्रहालय इंग्लंडच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयाचा भाग आहे आणि हे जहाज त्याचा मुख्य ऐवज. पाण्यावर तरंगत असलेली ब्रिटनची सगळ्यांत जुनी युद्धनौका म्हणून ती ओळखली जाते, आणि ती बांधली गेली आपल्या मुंबईच्या गोदीत. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड मलबारचं सागवान. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला होता, म्हणून काम इकडे आलं. नकाशे घेऊन निघालेलं पहिलं जहाज १८१२ साली अमेरिकेशी झालेल्या लढाईत गेलं, तेव्हा नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. बांधणी सुरू करताना पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकला होता. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. त्यानंतर महिन्याभराच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली, आणि पुढच्या मे महिन्यात जनरल मन्रोने आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडत होती त्या वर्षी तरंगायला लागलेलं हे लाकूड अजून तरंगतंय. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलाने ते टिकतात. जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा ज्याने तेलपाणी करून जपलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

एवढं सांगितलं ते फ्लॅट घेणं बरोबर ठरवायला नव्हे. जहाज बघायला तिकीट पुरतं, आणि डोलकाठ्या रस्त्यावरूनही दिसतात. पण मुलगी बारा-बारा तासांची पाळी करून परत येते त्या वेळी खिडकीतून आपल्याकडचं काहीतरी दिसावं असं तिला वाटत असेल, तर तुमच्या उत्तरात 'वेडेपणा' हा शब्द येता कामा नये. माझी विनंती एवढीच. बाकी हिशेब आपण करूच.

हिशेबात पहिली दुरुस्ती. तुम्ही तिचा खर्च रुपयात मोजलात, पण कमाई रुपयात मोजली नाहीत. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत परिचारिकेचा सुरुवातीचाच पगार वर्षाला ३१ हजार पौंडांच्या आसपास असतो. कर, विमा, निवृत्तिवेतनाची कपात जाऊन महिना साधारण दोन हजार हातात पडतात असं धरू. त्यातले साडेआठशे घराला गेले तर चाळीस टक्क्यांच्या वर गेले. तुमच्या पन्नास हजारांनी मी दचकले नाही, या चाळीस टक्क्यांनी दचकले. कर्ज विभागात समोर बसलेल्या माणसाने हे प्रमाण सांगितलं असतं तर तुम्ही चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं असतं. म्हणजे काळजी खोटी नाही, फक्त तिचं कारण वेगळं आहे. सोलापूरच्या बंगल्याशी तुलना करून काही हाती लागणार नाही, कारण तिला सोलापुरात राहायचं नाहीये.

इथे एक अवघड प्रश्न विचारते, राग मानू नका. होटगी रोडचा फ्लॅट कुणाला हवा होता? हप्ता ती भरते, नाव तिचं आहे, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. पण तो बघायला ती आली होती का, किती मजल्यावर घ्यायचा हे तिने सांगितलं का, हे पत्रात नाही. असेल तसं, तर माझा प्रश्न मागे घेते. नसेल, तर ती आज दोन घरांचे पैसे देते आहे, आणि त्यातलं एक तिने स्वतः निवडायचं म्हटल्यावर आपण त्याला उधळपट्टी म्हणतोय. आणखी एक. पत्रभर 'आम्हाला वाटतं', 'आम्ही म्हणालो' असं आहे. वहिनींचं वेगळं मत एकदाही आलेलं नाही. त्यांना एकट्यांना विचारून बघा. तीन बायकांबरोबर एका न्हाणीघरात दोन वर्षं काढणं म्हणजे काय, याचा त्यांचा अंदाज तुमच्यापेक्षा चांगला असेल.

आता एफडीकडे वळू. इथे मात्र मी तुमच्या बाजूने, आणि अगदी ठामपणे. एफडी मोडू नका.

सहा महिन्यांचं भाडं आगाऊ ही मागणीच मला खटकली. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांचा कायदा बदलला, नवे नियम १ मे २०२६ पासून लागू. महाराष्ट्र दिन, लक्षात ठेवायला सोपं. त्यानुसार करार होण्याआधी घरमालक किंवा एजंट भाड्यापोटी काहीच घेऊ शकत नाही, आणि करारावर सही झाल्यावर, राहायला जाण्यापूर्वी, जास्तीत जास्त एका महिन्याचं. एजंट तरीही सहा महिने म्हणत असेल तर एकतर त्याची जुनी सवय सुटलेली नाही, नाहीतर काहीतरी गडबड आहे. जामीनदार मागायला बंदी नाही. पण तो बहुतेक वेळा ब्रिटनमध्येच राहणारा, तिथली कमाई असलेला लागतो, त्यामुळे तुमची सही कितीही वजनदार असली तरी चालणार नाही. आणि मुळात तिला जामीनदार लागतो का? एजंट लोक साधारणपणे महिन्याच्या भाड्याच्या तीसपट वार्षिक पगार आहे का ते बघतात. ६२५ ची तीसपट म्हणजे १८,७५०. तिचा पगार त्याच्या कितीतरी वर आहे, दोन वर्षांची पगारपत्रकं आहेत, सध्याच्या घरमालकाकडून शिफारस मिळेल. अशा कर्जदाराकडे तुम्ही जामीनदार मागितला असता का? तिने एजंटला लेखी विचारावं : जामीनदार कोणत्या कारणासाठी लागतो, आणि आगाऊ भाडं कोणत्या नियमाने? तोंडी उत्तर घ्यायचं नाही, ईमेलवरच.

तीस वर्षं तुम्ही लोकांचे कागद उलटेपालटे करून बघितलेत. ती नजर मुलीकडे वळवलीत म्हणून घरात भांडण झालं. तीच नजर त्या भाडेकराराकडे वळवा. मुलगी परवानगी मागते आहे असं तुम्हाला वाटतंय. २८ वर्षांच्या, स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या मुलीला ती कायद्याने लागत नाही, आणि एफडीवर तिचंही नाव आहे. मला वाटतं, सही करण्याआधी आपल्या माणसाने कागद एकदा बघावा, एवढंच तिला हवंय.

तर बघायचं काय, ते सांगते. भाड्याने घर शोधणाऱ्या इतर मुलामुलींनाही हे उपयोगी पडेल.

अनामतीपासून सुरू करू. इंग्लंडमध्ये ती पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ६२५ च्या हिशेबाने ती सुमारे ७२१ पौंड होते. घर राखून ठेवण्यासाठी घेतात ती रक्कम फार तर एका आठवड्याची, म्हणजे १४४ च्या आसपास. 'कागदपत्रांचा खर्च', 'तपासणी फी' असलं काही घ्यायला २०१९ पासून बंदी आहे. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट : अनामत मालकाच्या मर्जीवर राहत नाही. ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत नोंदवावी लागते आणि त्याचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. सोडताना वाद झाला तर निवाडा त्या योजनेकडे. मी शिकत असताना नवी पेठेत खोली घेऊन राहत होते. सोडताना मालकीणबाईंनी 'भिंतीला खिळे मारलेत' म्हणून डिपॉझिट अख्खं ठेवून घेतलं. खिळे माझ्या आधीच्या मुलीचे होते. तेव्हा असली योजना असती तर, जाऊ दे. मुलीला एवढं सांगा की पहिल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, गादीचा फोटो काढायचा आणि त्याच दिवशी एजंटला ईमेल करायचा. खिळ्यांचासुद्धा.

एजंट खरा आहे का तेही तपासायचं. तिथे प्रत्येक एजंटला सरकारमान्य तक्रार निवारण योजनेचं सभासद असावंच लागतं, आणि ते नाव तपासून घेता येतं. घराचा मालक कोण, हे भूमी नोंदणी कार्यालयात थोडी फी भरून ऑनलाइन कळतं, आपल्या सातबारासारखंच समजा. 'मालक परदेशात आहे, पैसे भरा, चावी कुरिअरने येईल' असं कुणी म्हटलं की तिथून निघायचं. आत पाऊल टाकल्याशिवाय एक पौंडही द्यायचा नाही.

आता घराबद्दल. सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की आपण आधी विचारतो, पाणी किती दिवसाआड येतं आणि टाकी केवढी आहे. तिथे तो प्रश्न नाही, तिथे विचारायचं घर तापतं कशावर. गॅसवर की विजेवर? बंदरावरच्या पुष्कळ फ्लॅटमध्ये विजेचे हीटर असतात, आणि नोव्हेंबर ते मार्च त्यांचं बिल भाड्याच्या मागे लागल्यासारखं धावतं. प्रत्येक घराला ऊर्जेचा दर्जा असतो, ए पासून जी पर्यंत. साधारणपणे ई च्या खालचं घर भाड्याने देता येत नाही. हा दर्जा पत्ता टाकून कुणालाही ऑनलाइन बघता येतो. म्हणजे तुम्ही सोलापुरात बसून बघू शकता. तिने सांगितलेल्या साडेआठशेत वीज किती धरलीय ते विचारा. सी असेल तर ठीक, ई असेल तर साडेआठशेचा आकडा विसरा. गॅस असेल तर वर्षाच्या आतला तपासणी दाखला मागायचा.

समोर समुद्र म्हणजे खारा वारा आणि ओल. कपाटामागे, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या छताला काळी बुरशी आहे का बघायचं. ताजा रंग एकाच कोपऱ्याला दिलेला दिसला तर विचारायचं, इथेच का? त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातही समुद्रावरून अचानक धुकं चढतं, त्यामुळे कपडे वाळायला कुठे घालायचे हा तिथे खरा प्रश्न आहे. आपल्या ४३ अंशांत वाढलेल्या मुलीच्या तो लक्षात येणार नाही.

रात्रपाळी करणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे दिवसा झोप लागेल का. बंदरावर शिडाच्या नावा बांधलेल्या असतात. वारा सुटला की त्यांचे दोर धातूच्या डोलकाठ्यांवर टण टण आपटत राहतात, रात्रंदिवस. सीगल पक्षी पिल्लांच्या दिवसांत पहाटेपासून किंचाळतात. जूनमध्ये पहाटे चारला उजाडतं, डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत अंधारून येतं. तिने तो फ्लॅट कधी बघितला? रविवारी, ऊन पडलेलं असताना बघितला असेल, तर वाऱ्याच्या दिवशी आणि रात्री आठनंतर परत एकदा जाऊन यावं. रुग्णालयातून पाळी सुटते त्या वेळी, त्याच रस्त्याने, चालत. तिच्या सुरक्षिततेची काळजी तुम्हाला असणारच, तिचं खरं उत्तर त्या फेरीत मिळेल, तुमच्या-माझ्या चर्चेत नाही. तिथून व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि घरातले दिवे नव्हे, रस्त्यावरचे दिवे बघा.

सध्याच्या घराचा करारही आधी काढून वाचा. चौघींच्या नावाने एकच करार असेल तर एकीने दिलेली नोटीस सगळ्यांच्या मुळावर येऊ शकते. खोलीवार वेगळे करार असतील तर प्रश्न नाही. नव्या घरात वर्षभर अडकण्याची भीती असेल तर ती सोडा. नव्या कायद्यात ठरावीक मुदतीचे करार राहिलेले नाहीत. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो. नोकरी व्हिसाशी बांधलेली असताना ही मोठी सोय आहे. एकटी राहिली तर नगरपालिकेच्या करात २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप लागत नाही.

आता माझं मत. तिला दोन गोष्टी एकदम विकत घ्यायच्या आहेत, एकान्त आणि खिडकी. दोन्हींची किंमत वेगळी वेगळी काढायला सांगा. बंदरापासून दोन-चार गल्ल्या आत गॅसचं हीटिंग असलेलं लहान घर मिळालं, तर एकूण खर्च साडेसहाशे-सातशेत बसू शकेल आणि जहाजापर्यंत चालत जाता येईल. किंवा जिच्याशी पटतं अशा एकाच मैत्रिणीबरोबर दोन खोल्यांचं घर बंदरावरच घेता येईल. या दोन्ही वाटा तिच्यासमोर ठेवा, लादू नका. ती म्हणाली, नाही, मला एकटीलाच आणि समोरचीच खिडकी हवी, तर मग होटगी रोडचा हप्ता कमी करून घेता येतो का, मुदत वाढवता येते का, हे तुम्ही बघा. ते काम तुमच्याइतकं चांगलं कोण करणार?

स्थळांचं विचारलंत. एकटी राहते हे सांगायचं, लपवायचं नाही. ज्यांना चालणार नाही ते पहिल्याच फोनवर गळतील, तुमचा चहा-पोह्यांचा खर्च वाचेल. परदेशी गेलेल्या प्रत्येक सोलापूरकराला डॉ. कोटणीसांचं उदाहरण देतात, ते मी देणार नाही. त्या बिचाऱ्याला १९३८ मध्ये चीनला निघताना कुणी 'एकटा राहणार का' असं विचारलं नसेल, एवढंच म्हणते.

आणि ते गाव अगदीच परकं आहे असंही समजू नका. सोलापूरच्या दहाव्या हिश्श्याएवढं, जहाजबांधणी बंद पडलेलं गाव. गिरण्यांचे भोंगे थांबलेले ज्याने ऐकलेत त्याला ते कळेल. नेपोलियनच्या काळात किनाऱ्याला लागलेल्या माकडाला फ्रेंच हेर समजून गावाने फासावर दिलं, अशी दंतकथा आहे. लोक त्यावरून अजून चिडवतात, आणि गावकरी त्याच माकडाला फुटबॉल संघाचा शुभंकर करून मिरवतात. त्या माकडाचा वेष घालून मैदानात नाचणारा माणूस २००२ साली तिथे महापौर म्हणून निवडून आला. असल्या गावात तुमची मुलगी फार दिवस परकी राहणार नाही.

या रविवारी फोन कराल तेव्हा सुरुवात पैशांनी करू नका. जहाजाला डोलकाठ्या तीन आहेत. तिच्या खिडकीतून तिन्ही दिसतात की एखादी समोरच्या इमारतीआड जाते, ते आधी विचारा. एजंटच्या ईमेलचं त्यानंतर.